चमचाभर म्हणजे नेमके किती?

मागच्या महिन्यात याच सदरात रक्तदाबावर लिहिताना मी "माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको" असे वाक्य लिहून मोकळा झालो होतो. त्यावर एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "डॉक्टरसाहेब, आम्ही घरात पाच माणसे. सासूबाईंना रक्तदाब आहे. तुम्ही ५ ग्रॅम म्हणता, पण आमच्याकडे वजनकाटा नाही. मी मीठ हाताने घालते, फार तर चमच्याने. ५ ग्रॅम म्हणजे किती चमचे ते का नाही लिहिलेत?"

पत्र वाचून मी खजील झालो. आम्ही डॉक्टर मंडळी ग्रॅममध्ये बोलतो आणि स्वयंपाकघर चालते वाटी, चमचा, मूठ आणि चिमटीवर. मधला पूल बांधायचा कोणी? आहाराचा छापील कागद रुग्णाच्या हाती दिला की आमचे काम संपले असे आम्ही समजतो आणि घरी जाऊन त्या माउलीने "३० ग्रॅम तांदूळ" कशाने मोजायचे याचा विचार करत नाही. म्हणून आजचा लेख या एकाच प्रश्नावर. उत्तर मात्र एका ओळीचे नाही, हे आधीच सांगतो.

मूळ गोष्ट अशी, की वाटी आणि चमचा हे आकाराचे माप आहे. वस्तूने किती जागा व्यापली तेवढेच ते सांगते. ग्रॅम हे वजन. पाण्याच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ सारखे : १०० मिलिलिटर पाणी १०० ग्रॅम भरते. बाकी कुठल्याही जिनसाच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. आपल्या आजीला हे पक्के ठाऊक होते. तिच्याकडे शेरही दोन होते, एक वजनी आणि एक मापी. चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्याची मापे. पायलीला चार शेर. पण पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भुईमुगाच्या शेंगा एकाच वजनाच्या असतात असे म्हणणाऱ्याला तिने वेड्यात काढले असते. वजनाचा प्रमाण शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम. मापाचा शेर गावागणिक बदलायचा. पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले आणि १९६२ पर्यंत व्यापारात सक्तीचे झाले. दुकानातला गोंधळ त्यामुळे मिटला. स्वयंपाकघरातला तसाच राहिला, कारण वाटीला आणि चमच्याला कुठलाच कायदा नाही. लग्नात आहेरात आलेले भांडे हेच आपले प्रमाण!

लेख लिहिण्याआधी मी आमच्या स्वयंपाकघरात एक रविवार घालवला. (सौ.ची परवानगी काढून. ओट्याजवळ माझी लुडबूड तिला खपत नाही.) पंख्याखाली नव्हे, कारण पीठ उडते, खिडकी लावून, घाम पुसत. भाजी तोलण्याचा नव्हे, तर एकेक ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. आमची रोजची आमटीची वाटी काठोकाठ भरली की तिच्यात १५० मिलिलिटर पाणी मावते. त्याच वाटीने एकेक जिन्नस सपाट भरून तोलला. दूध भरले १५४ ग्रॅम. गोडेतेल १३७, तूपही जवळपास तेवढेच. मध २१० ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ दीडपट. साखर १२८, तांदूळ १२५, तूरडाळ १२८. रवा १०५. शेंगदाणे ९०. जाडे पोहे ५० आणि चुरमुरे अवघे १२ ग्रॅम!

पिठाने मात्र आम्हा दोघांना चकवले. कणीक डब्यातून अलगद घेऊन वाटीत भुरभुरत टाकली तर ८० ग्रॅम. वाटी ओट्यावर दोनदा आपटून पुन्हा भरली तर ९० च्या वर. आणि वाटीच डब्यात खुपसून, बोटांनी दाबून भरली तेव्हा काटा १०० च्या पुढे गेला. वाटी तीच, पीठ तेच, भरणारे हात वेगळे. म्हणून कोणी "एक वाटी पीठ म्हणजे किती ग्रॅम" असे विचारले तर मी आधी विचारीन, "भरले कसे?" पिठाच्या मानाने तेल, दूध, साखर ही प्रामाणिक मंडळी. दाबली तरी फारशी बदलत नाहीत.

माझी मुलगी पुस्तकात पाहून केक करते. त्या पुस्तकातला "कप" अमेरिकन, सुमारे २४० मिलिलिटरचा. आमच्या घरचा चहाचा कप भरतो १२०. दोन वेळा केक बसला तेव्हा कुठे हे कोडे सुटले. केक बिघडला तर फार तर लोणी-साखर वाया जाते. पण काही मापे अशी आहेत की ती चुकली तर जिवावर बेतते. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्यात चूक माझीही होती.

१९९६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मला दवाखाना थाटून दोन वर्षे झाली होती. जवळच्या खेड्यातली एक आजी वर्षाच्या नातवाला घेऊन आली. जुलाब सुरू होते, पण मूल हसत होते, डोळे खोल गेलेले नव्हते. त्या दिवशी माझ्याकडची जीवनरक्षक पावडर, म्हणजे ओआरएसची पाकिटे, संपली होती. मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दिले : "उकळून गार केलेले पाणी, त्यात चमचा मीठ, साखर, थोडे थोडे पाजणे." तोंडी सांगितले ते लिटरभर पाण्यात अर्धा लहान चमचा. बाहेर पंधरा माणसे ताटकळत होती. आजीने मान डोलावली. मी पुढच्या रुग्णाला बोलावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मूल परत आले ते तापाने फणफणलेले, चिडचिडे, सारखे पाण्यासाठी आसुसलेले, आणि माझ्या टेबलावरच त्याला झटका आला. आजी शपथेवर सांगत होती, "तुमी सांगितलं तसंच केलं." घरचा मोठा चमचा घेऊन, तो शिगोशीग भरून मीठ एका तांब्यात घातले होते. तांब्या लिटरभराचाही नव्हता. आणि नातवाला लवकर बरे वाटावे म्हणून तिने ते पाणी दिवसभर नेटाने पाजले होते. तिच्या मायेत काडीचीही कसर नव्हती.

आता हिशेब करा. सपाट ५ मिलिलिटरच्या चमच्यात बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम मावते. लिटरला अर्धा चमचा म्हणजे ३ ग्रॅम. जेवणाचा मोठा चमचा शीग लावून भरला तर त्यात १८ ते २० ग्रॅम मीठ येते. म्हणजे बाळाच्या पोटात सहा-सात पट खारट पाणी गेले. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याच्या निम्म्याहून अधिक! रक्तात मीठ वाढले की ते पेशींमधले पाणी ओढून घेते, मेंदूतल्या पेशींमधलेही. मूल कोरडे पडू नये म्हणून दिलेले पाणी त्याला आतून कोरडे करते. मी त्या मुलाला जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी नेले. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी दोन दिवस अत्यंत सावकाश सलाईन देऊन मीठ खाली आणले. मूल वाचले. ती चिठ्ठी आजीने पदराच्या गाठीतून सोडून मला दाखवली होती. माझ्याच अक्षरात "चमचा मीठ" लिहिलेले. कुठला चमचा, सपाट की शिगेचा, किती पाण्यात, काहीच नाही.

त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर नुसता "चमचा" हा शब्द लिहिलेला नाही.

जुलाबावरच्या या साध्या पाण्याचा इतिहास मापाशीच बांधलेला आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञाने मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज कलकत्त्यात काट्यावर तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून आणले आणि ते पाण्यात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजले. आधी शंभरात तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आले. डॉक्टर २०२२ साली गेले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. लक्षात घ्या, त्यांनी छावणीत "चमचाभर घाला" असे सांगितले नाही. तोललेली पुडी दिली.

पुढे बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघर फिरून आयांना दुसरी रीत शिकवली : अर्धा शेर पाण्यात तीन बोटांच्या चिमटीने मीठ आणि एक मूठ गूळ. चिमूट आणि मूठ म्हणजे पुन्हा अंदाजच, असे वाटेल. पण शिकवणाऱ्या बाया प्रत्येक आईकडून ते समोर करून घेत. चिमूट किती मोठी हे हाताला बसल्याशिवाय घर सोडत नसत. मी आजीला नुसते सांगितले, करून घेतले नाही, हा त्यातला आणि माझ्यातला फरक.

मीठ किती नाजूक आहे याचा आणखी एक दाखला. पूर्वीच्या जीवनरक्षक पाकिटात लिटरला ३.५ ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम ग्लुकोज असे. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने ते बदलून २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज केले. ओकाऱ्या आणि जुलाब कमी होतात, सलाईन कमी लागते, असे दिसून आले म्हणून. म्हणजे अवघ्या ०.९ ग्रॅम मिठासाठी साऱ्या जगाची पुडी बदलली! ०.९ ग्रॅम म्हणजे लहान चमच्याचा सहावा हिस्सासुद्धा नाही. आणि आपण म्हणतो, "घाल गं अंदाजाने."

तेव्हा आज माझे सांगणे असे. जुलाबाला पहिली पसंती पाकिटाला. ते आरोग्य उपकेंद्रात, आशाताईंकडे, औषधाच्या दुकानात मिळते. पाकिटे दोन आकारांची असतात. मोठे एक लिटर पाण्याचे, त्यात साडेवीस ग्रॅम पावडर. लहान २०० मिलिलिटरचे, म्हणजे मोठा पेलाभर पाण्याचे. पाकिटावरचा आकडा वाचा आणि अख्खे पाकीट तेवढ्याच पाण्यात एकदम कालवा. मोठ्या पाकिटातली चमचाभर पावडर पेल्यात टाकून उरलेली पुडी रबर लावून ठेवायची ही सवय फार दिसते. ती चुकीची आहे, कारण किती पावडर पडली ते तुम्हाला कळत नाही. कालवलेले पाणी २४ तासांनी फेकून द्यावे. लिटर कसे मोजायचे? बाजारात मिळणारी पाण्याची एक लिटरची बाटली स्वच्छ धुऊन ठेवा. किंवा अर्धा लिटरच्या दुधाच्या दोन पिशव्या ज्या पातेल्यात रिकाम्या करता, त्यात दूध कुठवर येते ती खूण पाहून ठेवा.

पाकीट मिळालेच नाही तर लिटरभर स्वच्छ पाणी, ५ मिलिलिटरच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे शीग सुरीच्या पाठीने कापून टाकलेला. आधी मीठ घालून चव घ्या. डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागले तर पाणी ओतून द्या आणि पुन्हा करा. खडे मीठ वापरत असाल तर चमच्यात ते थोडे कमी बसते, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. पण म्हणून ते वाढवून घालू नका. आणि मूल मलूल झाले, पाणी पिईना, लघवी थांबली, तर मापे मोजत घरी बसू नये, दवाखाना गाठावा.

बाळाच्या डब्याच्या दुधाबद्दल दोन शब्द. सहा महिने आईचे दूध हेच खरे, पण काही कारणाने डॉक्टरांनी डब्याचे दूध सांगितले असेल तर डब्यातलाच चमचा वापरावा. एका कंपनीचा चमचा दुसऱ्या डब्यात चालत नाही. पाणी आधी मोजून घ्यायचे, मग सपाट चमचे, दाबून नाही. "जरा घट्ट करून देते, बाळ धरेल" म्हणून एक चमचा जास्त घातला तर बाळाच्या मूत्रपिंडावर भार पडतो, शरीरातले पाणी कमी होते. आणि महागाईमुळे डबा पुरवण्यासाठी पातळ केले तर बाळ पोटभर पिऊनही उपाशी राहते. दोन्ही प्रकारची बाळे मी पाहिली आहेत.

आता मधुमेहींकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त भांडणे मी त्यांच्याशी करतो. एक निवृत्त शिक्षक वर्षभर माझ्याकडे येत. गोळ्या वेळेवर, फिरणे वेळेवर, तरी तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ९ च्या खाली येईना. "एकच वाटी भात आणि दोन भाकरी खातो. तुमच्या कागदात आहे तेवढेच," असे ते दर वेळी सांगत. खोटे बोलणारा माणूस नव्हे. शेवटी मी बाईंना म्हटले, "वहिनी, पुढच्या वेळी येताना ती वाटीच घेऊन या." त्या घेऊन आल्या. मी पाणी मोजून ओतू लागलो. शंभर, दोनशे, तीनशे... ३२० मिलिलिटर! माझ्या डोळ्यांसमोर होती ती १५० ची वाटी, त्यांच्या घरी होता वाडगा. त्यात भात दाबून भरायचा, वर मूद पाडायची. तो भात ३०० ग्रॅमच्या आसपास जाणार.

यात दुसरी मेख आहे, आणि ती मोठी आहे. कागदावर लिहिलेले "३० ग्रॅम तांदूळ" हे कच्च्या तांदळाचे वजन असते. शिजल्यावर तांदूळ पाणी पितो आणि वजनाने अडीच ते तीन पट होतो. म्हणजे ३० ग्रॅम तांदळाचा भात ७५ ते ९० ग्रॅम. १५० मिलिलिटरची वाटी मोकळ्या भाताने भरली तर त्यात १०० ते ११० ग्रॅम भात, अर्थात ४० ग्रॅमच्या आसपास कच्चे तांदूळ. गुरुजी खात होते ते शंभर ग्रॅमहून अधिक कच्च्या तांदळाइतके. काही जणांचे याच्या उलट होते. ते ३० ग्रॅम शिजलेला भात ताटात घेऊन बसतात, उपाशी राहतात आणि चार दिवसांत पथ्य सोडून देतात. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना एक प्रश्न जरूर विचारा : "हे वजन कच्च्याचे की शिजलेल्याचे?"

भाकरीचेही तसेच. फुलक्याला २५ ते ३० ग्रॅम कणीक लागते. ज्वारीची भाकरी ६० ग्रॅमचीही होते आणि शेतावर न्यायची १०० ग्रॅमचीही. "दोन भाकरी" हे उत्तर ऐकून डॉक्टरला काहीच कळत नाही. वहिनींना मी वजन करायला सांगितले नाही. एवढेच सांगितले, की किलोभर पीठ एका वेगळ्या डब्यात घाला आणि त्याच्या किती भाकऱ्या होतात त्या मोजा. दहा झाल्या. म्हणजे शंभर ग्रॅमची एक. त्यांनी किलोला पंधरा करायला सुरुवात केली, वाडग्याच्या जागी लहान वाटी आली. गोळ्या मी बदलल्या नाहीत. तीन-चार महिन्यांनी गुरुजींची तपासणी साडेसातवर आली आणि ते मला म्हणाले, "डॉक्टर, वर्षभर मी नापास होत होतो ते प्रश्नपत्रिकेच्या छपाईमुळे."

ही किलोभराची युक्ती फार उपयोगी आहे. काटा विकत घ्यायची गरज नाही. कारखान्यात तोलून आलेले वजन आपल्या घरात पिशवीच्या रूपाने येतच असते. साखरेची किलोची पिशवी फोडा आणि तुमच्या वाटीने सपाट भरून मोजत डब्यात ओता. आठ वाट्या झाल्या तर तुमची वाटी साखरेला १२५ ग्रॅमची. सहाच झाल्या तर १६५ ग्रॅमच्या पुढची. तसेच रव्याचे, डाळीचे. एकदा मोजा आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून लिहून ठेवा. तो कागद तुमच्या वाटीचा. शेजारणीच्या उपयोगाचा नाही.

चमच्यासाठी औषधाच्या दुकानातून ५ मिलिलिटरची नवी सिरिंज आणा, सुई काढून टाका. तिने पाणी भरभरून तुमच्या चमच्यात ओता. आमच्या घरी मी सात चमचे असे मोजले. मिसळणाच्या डब्यातला इवला चमचा बाजूलाच ठेवला, तरी चहाचा चमचा निघाला साडेतीन मिलिलिटरचा, पोहे खायचा ८ चा आणि जेवणाचा मोठा ११ चा. नेमका ५ चा एकही नव्हता! मग खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा प्लॅस्टिकचा मापाचा चमचा धुऊन मिठाच्या बरणीत टाकला. तो अजून तिथेच आहे.

यावरून आठवले. मुलांचे पातळ औषध घरच्या चमच्याने देणे आता थांबवा. मी "५ मिलि" लिहितो आणि घरात ८ चा चमचा असतो, म्हणजे दर वेळी दीडपटीहून जास्त औषध. तापाच्या पॅरासिटामॉलमध्ये तर आणखी एक खड्डा आहे. सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम औषध असते, पण तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत बहुधा एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. थेंबांची बाटली चमच्याने पाजली तर ५ मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम जाते. मोठ्या माणसाच्या अख्ख्या गोळीइतके! बाटलीबरोबर आलेला ड्रॉपर त्या बाटलीचाच आणि झाकणाचे मापही त्या बाटलीचेच वापरावे.

तेलाचे थोडक्यात. तेल पाण्याहून हलके, लिटरला सुमारे ९१० ग्रॅम. पिशवीवर बहुतेक दोन्ही आकडे छापलेले असतात. ५ मिलिलिटरच्या चमच्यात साडेचार ग्रॅम. बैठे काम करणाऱ्याला वरून घालायचे तेल-तूप मिळून दिवसाला २० ते २५ ग्रॅम पुरे, म्हणजे चार ते पाच चमचे. पण फोडणीच्या पळीने तेल ओतणारा हात चमचे मोजणार नाही हे मला कळते. म्हणून महिन्याचा हिशेब धरा. पाच माणसांना महिन्याला तीन ते पावणेचार किलो, म्हणजे साधारण साडेतीन ते चार लिटर. तुमच्या किराणाच्या यादीत सात-आठ लिटर असेल तर कुठल्या तळणीत किती गेले याची चौकशी न करताही निदान झाले.

आता भगिनींच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. ५ ग्रॅम मीठ म्हणजे ५ मिलिलिटरचा सपाट चमचा, पण भरलेला नव्हे, किंचित अपुरा. यात भाजी, आमटी, भाकरीच्या पिठातले, ताटात वाढलेले, लोणचे, पापड, फरसाण, पाव, बिस्किटे, सगळे आले. तुमच्या घरी पाच माणसे, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. यात कोणी लहान मूल असेल तर त्याचे याहूनही कमी. लोणच्या-पापडाचे आणि बाहेरच्या खाण्याचे माणशी ग्रॅम-दीड ग्रॅम बाजूला काढले तर चुलीपाशी १८ ग्रॅम उरतात, तीन सपाट चमचे. सकाळी उठल्यावर एवढे मीठ एका छोट्या डबीत काढून ठेवा आणि दिवसभराचा स्वयंपाक त्या डबीतून करा. हाताने घाला, चिमटीने घाला, हरकत नाही. मोठी बरणी फळीवर जाऊ द्या. पहिले आठ-दहा दिवस आमटी अळणी लागेल आणि घरातली पुरुष मंडळी कुरकुर करतील. पुढे जिभेला सवय होते.

आणि मिठाची नवी किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख घाला. तुमच्या घरात ती पन्नास दिवसांच्या पुढे जायला हवी. सध्या किती दिवस जाते, ते मला पुढच्या पत्रात कळवा.